चेहऱ्यापासून दोन मीटर : पोर्ट्रेट लेन्सचा प्रवास, व्हिएन्नापासून सुप्यापर्यंत

१/
१२ मे १८७५. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे गावी बाजाराचा दिवस होता. कर्जाने गांजलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली आणि हाती लागलेली कर्जखते जाळून टाकली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात या उठावाची नोंद 'दक्खनचे दंगे' अशी झाली. चौकशीसाठी आयोग बसला, अहवाल छापला गेला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. एवढ्या कागदपत्रांतून त्या रयतेची नावे, गावे आणि कर्जाच्या रकमा वाचता येतात. चेहरे मात्र दिसत नाहीत.

२/
त्या वेळी कॅमेरा नवा होता, हे त्याचे कारण म्हणून पुरत नाही. बारामतीत वास्तव्य केलेले कवी मोरोपंत १७९४ मध्ये निवर्तले. छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये, म्हणजे त्यांच्यानंतर ४५ वर्षांनी. मोरोपंतांचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते. सुप्याच्या शेतकऱ्याची गोष्ट वेगळी आहे. १८७५ पर्यंत चेहरा टिपण्यासाठी खास घडवलेली लेन्स ३५ वर्षांची झाली होती आणि मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन होऊन दोन दशके लोटली होती. साधन होते. ते कोणाकडे वळवले गेले आणि किती अंतरावरून, हा या धाग्याचा विषय आहे.

३/
प्रारंभ पॅरिसमध्ये झाला. १८३९ मध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली तेव्हा कॅमेऱ्यातील लेन्स साधी होती. तिचे उपयुक्त छिद्र आजच्या भाषेत साधारण एफ/१६ इतके लहान असे. इमारत, पुतळा, रस्ता यांसाठी ते पुरेसे होते, कारण वास्तू हलत नाही. माणसाला मात्र भर उन्हात कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. पापणी लवली की डोळा पुसट होई, श्वास घेतला की खांदा. चेहऱ्यापुढची पहिली अडचण प्रकाशाची होती.

४/
ती सोडवली व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताच्या प्राध्यापकाने. योझेफ पेत्झवाल यांचा जन्म १८०७ मध्ये आजच्या स्लोव्हाकियात झाला. तोवर भिंगे घडवणारे कारागीर बव्हंशी अनुभवाने आणि चाचपडत काम करीत. पेत्झवाल यांनी आधी किरणांचा मार्ग कागदावर मोजला आणि मग काच घासायला सांगितली. या किचकट आकडेमोडीसाठी ऑस्ट्रियन तोफखान्यातील गणितात तरबेज सैनिक त्यांच्या दिमतीला देण्यात आले होते. तोफगोळ्याची वाट मोजणारी माणसे काही काळ प्रकाशकिरणाची वाट मोजत बसली.

५/
१८४० मध्ये सिद्ध झालेल्या या लेन्सचे छिद्र एफ/३.६ इतके मोठे होते. एफ/१६ शी तुलना केली तर ती सुमारे वीसपट प्रकाश आत घेत असे. मिनिटांचे काम सेकंदांवर आले. फ्रीडरिख फोइग्टलेंडर यांनी १८४१ मध्ये ही लेन्स पितळी, शंकूच्या आकाराच्या कॅमेऱ्यात बसवून विकायला आणली. तिचे नाभीय अंतर १४९ मिलिमीटर, तर चित्र सुमारे ९४ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ. हे प्रमाण आजच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर बसवले तर ते साधारण ७० मिलिमीटरच्या लेन्सइतके भरते. पोर्ट्रेटसाठी ८५ की ५० या आजच्या वादाचे उत्तर पहिल्याच लेन्सने दोघांच्या मधोमध दिले होते.

६/
या लेन्सला एक दोषही होता. तिचे प्रतिबिंब सपाट पट्टीवर न पडता वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडे. त्यामुळे मध्यभाग लख्ख, तर कडा मऊ आणि भोवऱ्यासारख्या फिरलेल्या दिसत. नकाशा किंवा इमारतीसाठी हे वैगुण्य होते. चेहऱ्यासाठी ते वरदान ठरले, कारण पाहणाऱ्याची नजर आपोआप मध्यभागी, डोळ्यांवर स्थिरावे. आज 'पार्श्वभूमी विरघळणे' म्हणून ज्या गुणासाठी महागड्या लेन्स घेतल्या जातात, त्याची पहिली गोडी लोकांना या दोषाने लावली.

७/
शोधकर्त्याच्या पदरी मात्र फार थोडे पडले. पेत्झवाल आणि फोइग्टलेंडर यांच्यात मोबदल्यावरून कायमचे बिनसले. ऑस्ट्रियाबाहेर या रचनेला कायद्याचे संरक्षण नसल्याने पॅरिस आणि लंडनच्या कारखानदारांनी तिच्या नकला सुरू केल्या. परिणामी लेन्स सर्वदूर पोहोचली. त्या शतकातील पोर्ट्रेट स्टुडिओंची ती कणा बनली. एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या काळी छायाचित्रकारांच्या हाती असलेल्या लेन्स जवळजवळ सगळ्या प्राईमच, म्हणजे स्थिर नाभीय अंतराच्या होत्या. चौकट बदलायची तर कॅमेरा उचलून पुढे-मागे न्यावा लागे.

८/
मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भारतातील ही अशी पहिली संस्था. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनी आल्या. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या या मंडळीत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे भारतीय सभासदही होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढीत आणि संस्थेच्या कार्यकारी मंडळावर होते. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर. वैद्यक शिकलेल्या पिढीला रसायनांच्या बाटल्यांचे भय नव्हते, आणि त्या काळचे छायाचित्रण म्हणजे निम्मे रसायनशास्त्रच होते.

९/
१८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटणाऱ्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होत. कॅमेऱ्याच्या मागे एतद्देशीय माणूस उभा राहिला, ही लहान घटना नव्हती. तरी स्टुडिओत येणारे गिऱ्हाईक शेटजी, संस्थानिक, वकील आणि अधिकारी यांच्यापैकीच असे. खुर्ची, तिवई, रंगवलेला पडदा आणि मान हलू नये म्हणून पाठीमागे लपवलेला लोखंडी आधार, असा तो सरंजाम होता.

१०/
सुप्यासारख्या गावी कॅमेरा नेणे त्याहून अवघड होते. १८५१ नंतर रूढ झालेल्या कोलोडियन पद्धतीत काचेच्या पट्टीवर रसायनाचा लेप देऊन, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावे लागे. लेप वाळला की पट्टी वाया गेली. मे महिन्यात बारामती-इंदापूरच्या कोरड्या उन्हात तो किती वेळ ओला राहील, याची कल्पना करता येते. सोबत अंधाऱ्या खोलीचा तंबू, काचा, बाटल्या आणि स्वच्छ पाणी हवे. पुणे-सोलापूर लोहमार्ग १८६० पर्यंत भिगवणवरून धावू लागला होता. पण लोहमार्गापासून गावापर्यंतचा प्रवास बैलगाडीचाच होता.

११/
पट्टी रंगांध होती, ही आणखी एक अडचण. तिला निळा रंग दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कपाळावरचे कुंकू काळे उमटे, हळद काळवंडे, तांबडे पागोटे कोळशासारखे होई आणि सावळा रंग होता त्याहून गडद दिसे. निळे आकाश मात्र पांढरे फटक. गोऱ्या चेहऱ्यावर हा दोष फारसा जाणवत नसे. दख्खनच्या चेहऱ्याला अधिक प्रकाश किंवा अधिक वेळ देणे हाच उपाय होता. सर्व रंगांना जागी असणाऱ्या पॅनक्रोमॅटिक पट्ट्या बाजारात येण्यास १९०६ साल उजाडले. जुन्या चित्रांतील वर्ण पाहून निष्कर्ष काढताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

१२/
सामान्य मराठी माणसाची छायाचित्रे काढलीच गेली नाहीत, असे मात्र नाही. मुंबईतील विल्यम जॉन्सन यांनी तेथील रहिवाशांच्या जातिजमातींचा सचित्र ग्रंथ दोन खंडांत, १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील माणसे टिपली गेली एका जागी आणि त्यांच्या मागचे देखावे दुसऱ्याच जागी. नंतर दोन काचांवरून एक चित्र जुळवण्यात आले. चित्राखाली नाव असे ते समाजाचे. समोर बसलेली व्यक्ती कोण, हे सांगण्याची गरज ग्रंथकर्त्याला वाटली नाही. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने काढलेल्या 'द पीपल ऑफ इंडिया' या आठ खंडांचा साचाही बहुतांशी हाच होता.

१३/
येथे दोन नोंदी शेजारी ठेवाव्यात. जॉन्सन यांचा पहिला खंड निघाला तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला आणि तेजीच्या काळात काढलेले कर्ज अंगावर आले. त्या कर्जाच्या कागदांवर निरक्षर कुणबी सहीऐवजी नांगराची आकृती काढून घेई आणि शेजारी कारकून त्याचे नाव लिही. ग्रंथातल्या माणसाला चेहरा आहे, नाव नाही. कर्जखतातल्या माणसाला नाव आहे, नांगर आहे, चेहरा नाही. १८७५ मध्ये सुप्यात जे जळाले त्यात रयतेची ही खूणही होती.

१४/
दरम्यान लेन्स सुधारत होत्या. १८६६ मध्ये लंडनमध्ये डालमायर आणि म्यूनिकमध्ये श्टाइनहाइल यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, कडेपर्यंत सरळ आणि स्पष्ट चित्र देणारी रचना सिद्ध केली. पेत्झवाल लेन्सने एका चेहऱ्याचे काम उत्तम होई. तिघे शेजारी बसले की कडेचे दोघे पुसट होत. समूहचित्रासाठी अशी नवी लेन्स लागे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात काढलेले एक छायाचित्र मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. त्यात डॉ. आनंदीबाई जोशी जपानच्या आणि सीरियाच्या सहाध्यायिनींसोबत बसल्या आहेत. तिघींचे चेहरे आणि तिघींची नावे, दोन्ही शिल्लक आहेत. म्हणूनच ते चित्र आजही बोलते.

१५/
त्याच १८६६ मध्ये डालमायर यांनी आणखी एक पोर्ट्रेट लेन्स आणली. तिच्या मागच्या भिंगांतील अंतर किंचित बदलले की चित्र हवे तेवढे मऊ होई. चेहऱ्याला किती स्पष्टता मानवते, हा प्रश्न तेव्हाही होता. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी इंग्लंडमध्ये मोठ्या लेन्सने जवळून घेतलेली मऊ चित्रे काहींना सदोष वाटली, काहींना सुंदर. भारतात राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. त्याआधी १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी पडद्यातील स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला होता. तेथे कॅमेऱ्यामागे स्त्रीच असे.

१६/
विसाव्या शतकात कॅमेरा खिशात मावू लागला. १९२५ मध्ये विक्रीस आलेल्या लायकाने ३५ मिलिमीटर फिल्म आणि ५० मिलिमीटर लेन्स ही जोडी रूढ केली. चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर. तिचा कर्ण सुमारे ४३. त्यामुळे ५० ला 'नॉर्मल' हे नाव पडले. चेहऱ्यासाठी थोडी लांब लेन्स बरी, हा पेत्झवालपासूनचा धडा विसरला गेला नाही. लाइट्झने १९३५ मध्ये 'थांबार' ही ९० मिलिमीटरची, मुद्दाम मऊ चित्र देणारी लेन्स काढली. त्याच दशकात त्साइसच्या ८५ मिलिमीटर झोनारने या नाभीय अंतराला प्रतिष्ठा दिली.

१७/
१९५० मध्ये टोकियोत जपानी छायाचित्रकार जून मिकी यांनी 'लाइफ' मासिकाच्या डेव्हिड डग्लस डंकन यांचे एक छायाचित्र ८५ मिलिमीटर निक्कोर लेन्सने घेतले. ते पाहून डंकन थक्क झाले आणि त्या लेन्स घेऊन कोरियाच्या युद्धावर गेले. जपानी लेन्सची कीर्ती जगभर पसरण्याचे हे एक निमित्त ठरले. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅकरी यांनी १०५ मिलिमीटर निक्कोरने एका अफगाण मुलीचा चेहरा टिपला. पुढच्या वर्षी तो मुखपृष्ठावर झळकला. तिचे नाव जगाला कळले २००२ मध्ये. जॉन्सन यांच्या ग्रंथातला दोष सव्वाशे वर्षांनंतरही सुटला नव्हता.

१८/
आता मूळ प्रश्न : लेन्सने चेहरा बदलतो का? अचूक उत्तर असे, की चेहरा बदलतो तो अंतराने. नाकाचे टोक कानापेक्षा सुमारे १२ सेंटीमीटर पुढे आहे असे धरू. कॅमेरा ५० सेंटीमीटरवर असेल तर कान ६२ वर; म्हणजे नाक कानाच्या तुलनेत २४ टक्के मोठे उमटते. कॅमेरा दोन मीटरवर नेला तर हा फरक ६ टक्क्यांवर येतो. लेन्सचे काम एवढेच, की त्या अंतरावरून चौकट भरावी. डोके आणि खांदे मावणारी उभी चौकट ८५ मिलिमीटरला दोन मीटरवर मिळते, ५० ला सुमारे १.२ मीटरवर आणि ३५ ला ८० सेंटीमीटरच्या आसपास.

१९/
दुसरा मुद्दा छिद्राचा. ८५ मिलिमीटर लेन्स एफ/१.८ वर दोन मीटरवरून वापरली तर स्पष्टतेची खोली अवघी ६ सेंटीमीटर उरते. डोळे लख्ख, कान मऊ. एफ/४ वर ती १३ सेंटीमीटर होते आणि सबंध चेहरा पकडीत येतो. नथ, बुगडी, पागोट्याची घडी, कपाळावरची रेघ हे सारे ज्याला नोंद म्हणून जपायचे आहे, त्याने छिद्र थोडे लहान करावे. पार्श्वभूमी विरघळवण्याच्या हौसेत माणसाचे घर, ओसरी आणि अवजारेही विरघळतात. इतिहासाच्या दृष्टीने ती किंमत नेहमीच परवडते असे नाही.

२०/
म्हणून निवड जागेवर ठरते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत जेमतेम तीन मीटर मिळतात. तेथे ८५ ने डोके-खांदे साधतात, कमरेपर्यंतचे चित्र अडखळते. ५० कामी येते. अंगणात, शेताच्या बांधावर किंवा वाड्याच्या चौकात ८५ किंवा १०५ खुलून काम करतात. ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, दीडपट गुणकाचा आहे, त्यावर स्वस्तातली ५० मिलिमीटर प्राईमच ७५ सारखी वागते, म्हणजे पेत्झवालच्या ७० च्या अगदी शेजारी बसते. बारामती किंवा इंदापूरच्या नवख्या छायाचित्रकाराने पहिली लेन्स म्हणून तिच्यापासून सुरुवात केली, तर त्या निवडीमागे १८४० चे गणित उभे आहे.

२१/
राज्यसंस्थेला प्रत्येक चेहरा हवासा झाला तो फार उशिरा. १९९३ पासून मतदारांना छायाचित्र असलेली ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावातून आधार क्रमांकांचे वाटप सुरू झाले. नांगराच्या निशाणीपासून सुरू झालेला रयतेच्या ओळखीचा प्रवास असा चेहऱ्यापर्यंत आला. या चित्रांत नाव आणि चेहरा प्रथमच सर्वांसाठी एकत्र आले. तरीही आपले ओळखपत्रावरचे चित्र कोणाला फारसे आवडत नाही. घाई, समोरून पडणारा सपाट प्रकाश आणि जवळ आणलेला कॅमेरा यांत माणूस ओळखू येतो, दिसत नाही.

२२/
इंदापूर तालुक्याने हरवणे म्हणजे काय हे पाहिले आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि कॅमेरे तिकडे वळतात. भिगवणच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात तेव्हा पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या लेन्स घेऊन लोक दूरदुरून येतात. नाव वल्हवणारा मच्छीमार मात्र त्या लेन्सच्या किमान अंतराच्याही आत बसलेला असतो. एवढ्या जवळच्या माणसावर ती लेन्स रोखताच येत नाही.

२३/
मंदिर पुन्हा वर येईल, पक्षीही परत येतील. ज्यांनी गाव उठताना पाहिले ती पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांच्यासाठी महागडी लेन्स लागत नाही. साधी प्राईम लेन्स, ओसरीतला बाजूने येणारा उजेड, दोन मीटरचे अंतर आणि समोरच्याची संमती पुरे. चित्र छापल्यावर त्याच्या पाठीवर तीन गोष्टी लिहाव्यात : नाव, गाव आणि तारीख. सुप्याच्या कर्जखतांत चेहरा नव्हता, जॉन्सन यांच्या ग्रंथात नाव नव्हते. या दोन्ही उणिवा एकाच कागदावर भरून काढणे आज कोणालाही शक्य आहे.